मोर, पोर, दोर

हे तीन शब्द मोठ्याने वाचा. ऐकायला जवळजवळ सारखे, पण अर्थ अगदी वेगळे. मोर नाचतो, पोर रडतं आणि दोराने ओझं बांधतात.

संगणकात तर हे शब्द आणखी जवळ आहेत. संगणक प्रत्येक अक्षर ० आणि १ अशा बिटांमध्ये साठवतो. 'म'च्या शेवटच्या चार बिटांची रांग १११० अशी असते, 'प'ची १०१० आणि 'द'ची ०११०. आधीचे सगळे बिट सारखेच. म्हणजे एकच बिट उलटला, १ चा ० झाला, की 'म'चा 'प' किंवा 'द' होतो.

समजा, तुम्ही आजीसाठी लिहून ठेवलं, "अंगणात मोर दिसला." संगणकाच्या मेमरीत एक बिट उलटला आणि आजीने वाचलं, "अंगणात पोर दिसला." आजी लगेच अडखळेल, कारण 'पोर दिसलं' असायला हवं. क्रियापदाने चूक पकडून दिली! (मराठीत क्रियापदही लिंगाप्रमाणे का बदलतं, अशी तक्रार मी वर्गात नेहमी ऐकतो. हा त्याचा एक फायदा.) पण "अंगणात दोर दिसला" असं झालं तर? व्याकरण बरोबर. आजी म्हणेल, असेल बुवा दोर. मोर कायमचा गेला.

मला भीती वाटते ती अशा, बरोबर दिसणाऱ्या चुकीची. संगणक बंद पडला तर आपण चिडतो आणि पुन्हा चालू करतो. मूकपणे झालेली चूक मात्र कोणालाच कळत नाही.

यावर उपाय जुना आहे. सिंगापूरमध्ये तुमच्या एनआरआयसी क्रमांकाच्या शेवटी एक अक्षर असतं. ते शोभेचं नाही. आधीच्या सात आकड्यांवरून गणित करून ते काढतात. एखादा आकडा चुकीचा लिहिला की अक्षर जुळत नाही. पण नेमका कोणता आकडा चुकला, ते काही अक्षर सांगत नाही.

अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या रिचर्ड हॅमिंग यांची नेमकी हीच अडचण होती. शनिवार-रविवारी ते यंत्राला गणितं देऊन घरी जायचे. यंत्राला चूक सापडली की ते गणित सोडून पुढे जायचं. सोमवारी येऊन बघावं तर काम तसंच! हॅमिंग वैतागले. यंत्राला चूक कळते, तर ती कुठे आहे हे का कळू नये? १९५० मध्ये त्यांनी उत्तर छापलं. एकाऐवजी काही तपासणी बिट ठेवायचे आणि प्रत्येकाने बिटांचा वेगवेगळा गट तपासायचा. कोणकोणत्या गटात गडबड आहे हे पाहिलं की चुकलेला बिट नेमका सापडतो. तो उलटा केला की झालं काम.

आजही संगणकाच्या रॅममध्ये याच कल्पनेवर 'ईसीसी' नावाची सोय चालते. ६४ बिटांमागे ८ तपासणी बिट. एक बिट चुकला तर दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान समजतं. १९७० मध्ये आयबीएमच्या ह्सिआओ यांनी ही तपासणी कमी सर्किटमध्ये आणि जास्त वेगाने कशी करायची ते दाखवलं. त्यामुळे 'ईसीसीने संगणक मंदावतो' ही सबब मला फारशी पटत नाही.

तरीही घरगुती संगणकात ही सोय क्वचितच मिळते. मी एका दुकानात विचारलं, तर दुकानदार हसला. "ते कंपन्यांच्या सर्व्हरसाठी. घरी कशाला?" चूक त्याची नाही. बनवणाऱ्यांनीच बाजाराचे असे दोन भाग केले आहेत. लिनक्स तयार करणारे लिनस टॉरवाल्ड्स यांनी २०२१ च्या जानेवारीत याच कारणासाठी इंटेलवर जाहीर टीका केली होती.

पण बिट उलटतातच कशाला? अवकाशातून येणाऱ्या कणांमुळे, असं नेहमी सांगतात. ७ ऑक्टोबर २००८ ला सिंगापूरहून पर्थला निघालेलं क्वांटासचं विमान अचानक दोनदा खाली झुकलं. शंभराहून जास्त लोक जखमी झाले. एका उपकरणाने चुकीचे आकडे 'बरोबर' म्हणून पाठवले होते. अशा कणाची शक्यताही तपासली गेली, पण सिद्ध झाली नाही. म्हणून मी या गोष्टीवर भर देणार नाही. शिवाय सिंगापूर विषुववृत्ताजवळ आणि समुद्रसपाटीला आहे, इथे असे कण कमीच पोचतात. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो गूगलच्या सर्व्हरचा २००९ मधला अभ्यास. त्यात वर्षभरात सुमारे ८ टक्के मेमरी-पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या, आणि पुष्कळ चुकांचं कारण बिघडत चाललेल्या चिप हेच असावं असं दिसलं. चिप तर कुठेही बिघडेल.

आता गंमत बघा. आपल्या वुडलँड्समध्ये मायक्रॉन कंपनी फ्लॅश मेमरी बनवते. फोन आणि संगणकातले फोटो अशाच मेमरीत राहतात. फ्लॅशमध्ये चुका इतक्या होतात की दुरुस्तीशिवाय ती चालणारच नाही. म्हणून तिथे ही सोय सगळ्यांना मिळते, कोणी 'घरी कशाला' म्हणत नाही. पण फोटो फ्लॅशमध्ये जाण्याआधी रॅममधून जातो. तिथेच बिट उलटला तर फ्लॅश ती चूक इमानेइतबारे जपून ठेवते.

खर्च वाढतो, हे मान्य. डीडीआर४ च्या पट्टीवर आठाऐवजी नऊ चिप लागतात, डीडीआर५ मध्ये बहुधा दहा. तरी मी तेवढे डॉलर देईन. आमच्या घरातले आजोबांचे आवाज, लग्नाचे फोटो, मुलीने मराठीत लिहिलेलं पहिलं पत्र, सगळं एकाच संगणकात आहे.

आणि दुकानदार म्हणाला, "डीडीआर५ आहे ना, त्यात ईसीसी असतंच," तर लगेच मान डोलवू नका. ती दुरुस्ती फक्त चिपच्या आतली. चिपमधून प्रोसेसरकडे जाताना बिट बिघडला, तर तिला पत्ताही लागत नाही.