सीट मोजावी पायडलपासून

मालेगावहून शिरपूरच्या वाटेला लागले की पहाटे सायकलवरून शेताकडे निघालेली वडीलधारी मंडळी अजूनही भेटतात. अशाच एका सेवानिवृत्त गुरुजींनी मध्यंतरी सायकल ओसरीत टेकवून ठेवली. कारण विचारता म्हणाले, ‘‘गुडघे बोलू लागले. वय झाले आता.’’ सायकल पाहिली तेव्हा ध्यानात आले की, दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकावेत म्हणून सीट पार खाली बसवली होती. दोष केवळ वयाचा नव्हता.

पडण्याच्या भयाने पुष्कळ ज्येष्ठ हेच करतात. ते भय रास्त आहे. उतारवयात हाड मोडणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु सीट फार खाली असली की प्रत्येक फेऱ्यात गुडघा अधिक वाकतो, वाटीवरील दाब वाढतो आणि पुढच्या बाजूस दुखू लागते. उलट सीट फार उंच असली तर कंबर डावीउजवीकडे डोलते आणि गुडघ्यामागील शिरा ताणल्या जातात. म्हणून उंची जमिनीपासून नव्हे, पायडलपासून मोजावी.

रीत सोपी आहे. नेहमीची पादत्राणे घालून भिंतीच्या आधाराने सीटवर बसावे. घरातील कोणी सायकल घट्ट धरावी. एक पायडल अगदी खाली आणून त्यावर टाच ठेवावी. कंबर न कलता पाय सरळ झाला की उंची योग्य. पुढे चालवताना पायाचा चवडा पायडलवर येतो, तेव्हा गुडघ्यात साधारण 25 ते 35 अंशांचा बाक आपोआप राहतो. अंकांत हवे असल्यास 1967 मध्ये हॅम्ले आणि थॉमस या अभ्यासकांनी मांडलेले प्रमाण असे: जांघेपासून तळापर्यंतच्या पायाच्या लांबीच्या 109 टक्के. पायाची लांबी 78 सेंटिमीटर असेल, तर खालच्या पायडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत सुमारे 85 सेंटिमीटर. हे माप जोमाने सायकल चालवणाऱ्यांसाठी आहे. ज्येष्ठांनी टाचेच्या रीतीवरच भिस्त ठेवावी आणि मन कचरत असेल तर एखादा सेंटिमीटर खाली राहावे.

सीट एकदम चढवू नये. दर आठवड्यास अर्धा सेंटिमीटर पुरे. पिलरवर मर्यादेची खूण असल्यास ती नळीबाहेर दिसता कामा नये. नट पान्याने घट्ट आवळावा आणि निघण्यापूर्वी सीट हाताने हलवून पाहावी.

आता पाय टेकण्याचा प्रश्न. थांबताना आधी ब्रेक लावावा, सीटवरून पुढे सरकून खाली यावे, सायकल किंचित कलती करून एक पाय टेकावा. अंगणात कोणी सोबत असताना हा सराव आठवडाभर करावा. तोल सावरत नसेल, चक्कर येत असेल, तर रस्त्याचा हट्ट नको. घरातील स्थिर व्यायाम-सायकलला हाच नियम लागू आहे. गुडघा पुरता वाकत नसेल तर सीट खाली घेणे हा उपाय नव्हे, त्याने गुडघ्यास अधिकच वाकावे लागते. सांधेबदल झालेल्यांनी व गुडघ्यास सूज असलेल्यांनी प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा.

गुरुजींची सीट सुनबाईंनी तीन आठवड्यांत हळूहळू वर घेतली. दुखणे पूर्ण गेले असे नाही. पण सायकल ओसरीतून पुन्हा बाहेर निघाली. घरातील वडिलांनी सायकल सोडली असेल, तर वयाकडे बोट दाखवण्याआधी एकदा सीटकडे पाहावे.