पट्ट्याचे सोवळे

तबकडीची थाळी फिरवावी ती पट्ट्यानेच. मोटार थाळीच्या आसाशी थेट भिडविली की गाणे नासले, असा एक दंडक खानदेशातील काही रसिक वेदवाक्याप्रमाणे उच्चारू लागले आहेत. हे सोवळे आम्हांस मान्य नाही.

जळगावच्या एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात बालगंधर्वांची जुनी तबकडी लागली होती. यंत्र अर्थातच पट्ट्याचे. एक गृहस्थ मान हलवून म्हणाले, "नारायणरावांचा आवाज उतरला होता हो तेव्हा!" आम्ही थाळीच्या कडेस कागदाचा कपटा ठेवून घड्याळ लावले. मिनिटास ७८ फेरे हवेत, ते भरले ७४. म्हणजे काळी एकचा षड्ज जवळजवळ पांढरी एकवर येऊन बसलेला! उतरला होता तो सैल झालेला पट्टा, आणि दोष लागला गवयास.

पट्ट्याचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. मिनिटास १५०० फेरे घेणारी मोटार सेकंदास २५ हिसके देते. मध्ये रबरी चाक असले तर ते हिसके थाळीतून सुईपर्यंत पोचतात व गाण्याखाली घरघर ऐकू येते. मऊ पट्टा त्यांतील पुष्कळसे गिळतो. परंतु १९६१ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी जे नामांकित यंत्र काढले, त्यात थाळी व सुईचा दांडा हे दोन्ही मोटारीपासून वेगळे काढून स्प्रिंगांवर तोलले होते. त्या स्प्रिंगांचे पुण्य एकट्या पट्ट्याच्या पदरी का घालावे?

आता थेट मोटारीकडे वळू. जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९७० साली असे यंत्र विक्रीस आणले. येथे मोटार फिरते ती थाळीच्याच चालीने. दीर्घवादन तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांचा. इतका संथ कंप कानाच्या कक्षेत येतच नाही. चुंबकांच्या ओढीने चाल किंचित अडखळू शकते, हा आक्षेप खरा. पण त्याचसाठी थाळी जड करतात आणि विद्युत्-नियमनाने गती क्षणोक्षणी सावरतात. नियमन हलके असेल तर ते यंत्र खुशाल टाकावे, तत्त्व मात्र टाकू नये.

धुळ्या-जळगावच्या कापसाच्या जिनांत ज्यांनी उमेदवारी केली, त्यांना पट्ट्याची महती कोणी सांगावी! तो ताणावा लागे, त्याला राळ चोळावी लागे, तरी घसरे तो घसरेच.

आमच्या आजोबांच्या चावीच्या ग्रामोफोनात तीन वजनांचा गती-नियामक असे. चाल वाढली की वजने बाहेर फाकत आणि नमद्याचा तुकडा चकतीवर घासून तिला आवरी. शिवाय एक खिट्टी फिरवून गती कमीजास्त करता येई. आरंभीच्या तबकड्या सगळ्या काटेकोर ७८ च्या नव्हत्या. जाणती मंडळी पेटीशी षड्ज जुळवून घेत. आज पट्ट्याची कित्येक यंत्रे अशी मिळतात की त्यांत ७८ ची सोयच नसते, मग गती जुळविणे दूरच. आणि मिरवणूक मात्र त्यांची!

त्या दिवाणखान्यात पुढे नवा पट्टा चढला. षड्ज जागेवर आला. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. तबकडी उलटून दुसरी बाजू लावा, एवढेच म्हणाले.