पावसाचा हिशोब शंभर खान्यांत बसवू नका

चौसाळ्यातून बीडला, पुण्याला कॉम्प्युटर शिकायला गेलेल्या पोरांनो, ही पोस्ट तुमच्यासाठी. बाकीच्यांनीही वाचा, कारण विषय आपल्या पावसाच्या हिशोबाचा आहे.

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. आता एखाद्या लायब्ररीला विचारलं, "चौसाळा मंडळात यंदा असे दिवस कोणते?" तर एखाद्या वर्षी एकही तारीख नाही, एखाद्या वर्षी पाच-सात. यादी किती लांब येणार हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. तरी शिकवतात काय? शंभर खान्यांचा ॲरे घ्या, उरलेल्यात शून्य भरा!

जून ते सप्टेंबर दिवस होतात १२२. कुणी "चार महिने म्हणजे १२०" धरून खाने आखले की २९ आणि ३० सप्टेंबर गायब. सोयाबीन काढणीला आलेलं असतं तेव्हाचेच दिवस. उलट पर्जन्यमापक पाच दिवस बंद असला आणि तिथे शून्य भरलं, तर गणित म्हणणार पाच दिवस कोरडे गेले. नोंद नाही आणि पाऊस नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवामान खात्याच्या पावसाच्या ग्रिड फाइलींत आकडा नसेल तिथे उणे ९९९ लिहितात ते उगाच नाही.

कुणी म्हणेल, सी भाषेत फंक्शनमधून ॲरे परत करता येत नाही. खरंय, फंक्शन संपलं की त्याच्या आतल्या ॲरेची जागा जाते. मग मेमरी वेगळी मागून घ्या, पत्त्यासोबत संख्या द्या, आणि ती मेमरी मोकळी कुणी करायची ते स्पष्ट लिहा. मागणाऱ्याने दिलेला ॲरे अपुरा पडला तर तसं सांगा, किती खाने लागतील तेही सांगा. गपचूप कापू नका. पायथॉनच्या नमपायमध्ये अट घालून शोधलं की सापडले तेवढेच येतात, काही नसेल तर रिकामा ॲरे येतो. म्हणजे जमतं.

आडतीवर पन्नास पोती घातली आणि पावतीवर रकाने चाळीसच म्हणून दहा लिहिलीच नाहीत, तर आपण ऐकून घेऊ का? मग कोडमध्ये का चालवून घ्यायचं?

उद्या पीकविम्याचं, अनुदानाचं सॉफ्टवेअर तुमच्यातलंच कुणीतरी लिहिणार आहे. यादी आहे तेवढीच द्या, सोबत संख्या द्या, नसलेल्या नोंदीला शून्य म्हणू नका. प्रोजेक्ट तपासणाऱ्या सरांनीही आधी हेच विचारावं.