सुरक्षेची कळ कोणी दाबायची?

अनेक डिस्कांचा समूह करून माहिती सुरक्षित ठेवण्याच्या पद्धती पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या बर्कली विद्यापीठातील तिघांनी 1988 साली मांडल्या. या पद्धतींना ‘रेड’ म्हणतात. त्यांपैकी पाचव्या पद्धतीत एक उणीव आहे.

समजा, पहिल्या डिस्कवर 7, दुसरीवर 5 आणि तिसरीवर त्यांची बेरीज 12 आहे. (संगणक प्रत्यक्षात 0 आणि 1 यांची सम-विषमता पाहतो; तत्त्व तेच.) दुसरी डिस्क बिघडली तरी 12 मधून 7 वजा केले की 5 परत मिळतात. आता 7 च्या जागी 9 लिहिले आणि बेरीज 14 करण्याआधीच वीज गेली. नेमकी त्याच वेळी दुसरी डिस्कही बिघडली. 12 वजा 9 म्हणजे 3! ज्या आकड्याला आपण हातही लावला नव्हता, तोच चुकीचा ठरला.

यावर उपाय आहे. 9 लिहिण्यापूर्वी, न बदलणारा 5 तिसऱ्या डिस्कवर बाजूला टिपून ठेवायचा. लिनक्समध्ये ‘पार्शल पॅरिटी लॉग’ नावाची ही सोय 2017 साली आली. पण ती आपोआप सुरू होत नाही, कारण तिच्यामुळे लिहिण्याचा वेग 30 ते 40 टक्क्यांपर्यंत घटू शकतो. सोय हवी की नको, हे वापरणाऱ्याने ठरवायचे.

ठरवू द्यावे, पण केव्हा? सोय नसताना वरचा प्रसंग आला, तर लिनक्स समूह सुरू करण्यास नकार देते. बळजबरीने सुरू करायचा की नाही हे मग त्या घाबरलेल्या माणसाने ठरवायचे. प्रश्न टळत नाही, फक्त सर्वांत वाईट वेळी विचारला जातो! म्हणून माझ्या मते समूह तयार करतानाच साध्या शब्दांत विचारावे: ‘लिहिणे मंदावले तर चालेल का?’ उत्तर आले नाही, तर सोय सुरू ठेवावी. वेग हवा असणारा जाणकार ती बंद करू शकतो; जिला तिचे नावही ठाऊक नाही, ती व्यक्ती मात्र ती सुरू करणार नाही.

संगणक मंद झाल्याची तक्रार येईल, हे मान्य. शिवाय पहिलीच डिस्क गेली, तर अर्धवट लिहिलेला 9 ही सोय वाचवू शकत नाही. तेही प्रश्नासोबतच सांगायला हवे. आधी ‘नको’ म्हटलेल्यांना मात्र चालू समूहावरही ही सोय नंतर सुरू करता येते.