रास होईपर्यंत व्हिडिओ देऊ नका

औसा तालुक्यातल्या शेतकरी भावांनो, बहिणींनो,

सोयाबीन शेंगात आलंय. याच पंधरा-वीस दिवसांत टॉनिकवाल्या, बियाणेवाल्या कंपन्यांचे प्रतिनिधी बांधावर येतात. जून-जुलैत ज्यांना डेमो म्हणून फुकट बाटली किंवा पिशवी दिली, त्यांच्यापुढे मोबाईल धरतात. ‘काका, दोन शब्द बोला, रिझल्ट चांगला आहे म्हणा.’ हात जोडून सांगतो, रास होऊन माप झाल्याशिवाय बोलू नका.

मागच्या हंगामात एका टॉनिकबद्दल मी बोललो. प्रतिनिधीने माझ्या रानातलं अगदी बांधाकडेचं झाड उपटलं. कडेला मोकळी जागा, ऊन भरपूर, त्यामुळे ते फांद्यांनी आणि शेंगांनी लगडलेलं. दुसरं शेजाऱ्याच्या दाटीतनं आणलं. दोन्ही माझ्या हातात दिली आणि शेंगा मोजायला लावल्या. मी म्हणालो, ‘रास व्हायचीय अजून, आताच काय सांगू?’ तर म्हणे, ‘मग पुढच्या वर्षी प्लॉट दुसऱ्याला द्यावा लागेल, दुकानदारही नाराज होतील.’ त्या दुकानात माझी खताची उधारी होती. मी बोललो. वाढ किती म्हणायची तो आकडाही त्यानेच पढवला. रास झाली तेव्हा फवारलेल्या आणि न फवारलेल्या तुकड्यात एका कट्ट्याचाही फरक निघाला नाही. तोवर व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरला होता. यंदा माझ्या भाच्याने तो बघून उधारीवर त्याच बाटल्या नेल्या. ‘मामा, तुम्हीच तर म्हणालात,’ एवढंच तो म्हणाला. त्याच्याकडे मला बघवेना.

बाटली फुकट घेतली म्हणून आपण कुणाचे मिंधे होत नाही. डेमोला रान आपलं, राबणं आपलं, फसलं तर नुकसानही आपलंच. येणारी पोरं आपल्याच भागातली असतात, त्यांच्यावर वरून टार्गेट असतं. त्यांच्याशी भांडू नका, पण खोटंही बोलू नका.

बियाण्याचंही तसंच. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात अनेक ठिकाणी सोयाबीनची उगवण झाली नाही, दुबार पेरणीची पाळी आली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के हवी असा नियम असूनही हे घडलं. अशा वेळी हातात काय उरतं? पावती, पिशवी, टॅग आणि राखून ठेवलेलं मूठभर बी. ‘अमक्याने चांगलं म्हटलं होतं’ याचा पंचनामा होत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. तो म्हणजे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्याखालच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की जाहिरातीतली शिफारस बोलणाऱ्याचं प्रामाणिक मत असली पाहिजे, ती पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेली हवी आणि कंपनीकडून काही मिळालं असेल तर ते उघड सांगायला हवं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि तो शिफारस करणाऱ्यालाही लागू शकतो. म्हणजे पढवलेलं बोलून आपणही अडकू शकतो.

म्हणून डेमो घ्यायचाच असेल तर अर्धा तुकडा न फवारता ठेवा. वाण एकच, पेरणी एकाच दिवसाची. दोन्हींची रास वेगळी करा, काट्यावर घाला, वहीत लिहा. मग बोलायचं तर दोन्ही मापं सांगा, आणि माल फुकट मिळाला होता हेही सांगा. कुणी दबाव आणला तर त्याचे मेसेज पुसू नका. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा.

दुकानदार बंधूंनाही विनंती आहे, उधारीची आठवण अशा वेळी काढू नका.

माझा व्हिडिओ मागे घेत असल्याचं मी कंपनीला लिहून दिलंय. ज्या ज्या ग्रुपवर तो फिरला, तिथे राशीचं खरं माप टाकलंय. ज्यांनी यंदा आधीच बोलून टाकलंय त्यांनी व्हिडिओ मागे घेत असल्याचं आजच लिहून द्यावं, आणि रास झाली की खरं माप टाकावं. हरभऱ्याची पेरणी तोंडावर आलीय, आणि तेच व्हिडिओ तेव्हा परत फिरणार आहेत.