स्टँडबायचा दिवस आणि जादा फेरीचे पैसे

एप्रिल २०२४च्या सुरुवातीला विस्तारा या विमानकंपनीची शंभराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. पाठोपाठ कंपनीने रोजची पंचवीस-तीस उड्डाणं वेळापत्रकातूनच काढून टाकली. वैमानिक एकदम आजारी असल्याचं कळवू लागले होते आणि त्यामागे पगाराचा नवा करार होता. आधी महिन्याला ७० तासांच्या उड्डाणाचे पैसे ठरलेले असत. नव्या करारात ही हमी ४० तासांवर आली आणि त्यापुढच्या तासांचे पैसे वेगळे मिळणार होते. जो जास्त उडेल त्याला जास्त, हे ऐकायला रास्त वाटतं. पण महिन्यात किती उडायचं हे वैमानिकाच्या हाती नसतं, ते रोस्टर ठरवतं. आणि ज्याचं नाव स्टँडबायवर लागलं आहे, त्याचे तास क्रू शेड्युलिंगच्या फोनवर अवलंबून असतात. फोन आला तर तास, नाही तर दिवस गणवेश इस्त्री करून बसण्यात गेला.

वैमानिकांच्या पगाराचा हा वाद जुनाच आहे. एप्रिल-मे २०११मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक सुमारे दहा दिवस संपावर होते. एअर इंडियाशी २००७मध्ये झालेल्या विलीनीकरणानंतर एकाच कंपनीत दोन वेतनपद्धती राहिल्या होत्या, आणि समान वेतन ही त्यांची मुख्य मागणी होती. त्यानंतर या प्रश्नावर न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती बसली, तिचा अहवाल २०१२मध्ये आला. इतक्या वर्षांत कंपन्यांची नावं बदलली, मालक बदलले, विस्तारा स्वतः नोव्हेंबर २०२४मध्ये एअर इंडियात विलीन झाली. ताशी पैशांवर उभ्या असलेल्या पगाराची अडचण मात्र तिथेच आहे.

ती अडचण कुठे लपते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा एका फर्स्ट ऑफिसरची हमी ४० तासांची आहे. महिन्यात स्टँडबाय बरेच लागले, प्रत्यक्ष उड्डाण ३१ तासांचं झालं. महिनाअखेरीस फोन येतो, सुट्टीच्या दिवशी मुंबई-दिल्ली-मुंबई कराल का? धरा साडेचार तास. तो हो म्हणतो. एकूण साडेपस्तीस तास झाले, म्हणजे अजूनही हमीच्या आतच. पगारात एक रुपयाचीही भर नाही, आणि सुट्टी गेली. तीच फेरी ४० तास ओलांडलेल्या सहकाऱ्याने केली असती, तर त्याला साडेचार तासांचे पूर्ण पैसे मिळाले असते. काम एकच, विमान एकच, मग हा फरक का? कारण पहिल्याला रोस्टरने बरेच दिवस राखीव ठेवलं होतं. त्याच्या उपलब्धतेवर कंपनीचं वेळापत्रक तरलं आणि त्याची किंमत त्यानेच भरली.

अमेरिकेतल्या वैमानिक संघटनांनी या मुद्द्यावर करारात कलमांमागून कलमं लिहून घेतली आहेत. तिथल्या मोठ्या कंपन्यांत राखीव वैमानिकाची हमी साधारण सत्तरीच्या घरात असते, आणि खरी घासाघीस होते ती जादा फेरी हमीच्या आत मोजायची की हमीच्या वर, यावर. डेल्टामध्ये तर सुट्टीत घेतलेल्या काही फेऱ्यांना दुप्पट दर मिळतो. तिथले लोक त्याला 'ग्रीन स्लिप' म्हणतात. तरीही विश्रांतीचे नियम आडवे येतातच. अमेरिकी हवाई नियमावलीच्या २०१४पासून लागू असलेल्या भाग ११७ प्रमाणे अल्पसूचनेच्या राखीव ड्युटीची मुदत १४ तासांहून जास्त नसते. दोनच वैमानिकांच्या उड्डाणात राखीव वेळ आणि ड्युटी मिळून, राखीव वेळ सुरू झाल्यापासून १६ तासांपलीकडे जाता येत नाही. शिवाय कामावर येण्याआधीच्या १६८ तासांत सलग ३० तास मोकळे हवेत. आता सुट्टीत घेतलेल्या फेरीमुळे पुढचा स्टँडबाय नियमानेच रद्द झाला, तर त्या दिवसाची हमी कापायची का? करारात यावर ओळ नसेल, तर जादा फेरीने एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने जातं.

आपल्याकडे हा प्रश्न आता जास्त टोकदार झाला आहे. डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या नव्या नियमांनी आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, आणि १ नोव्हेंबर २०२५पासून रात्रीच्या उड्डाणांवरचे निर्बंधही लागू झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं, ५ तारखेला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली आणि नियामकाने काही सवलती दिल्या. विश्रांतीचे हे नियम हवेतच, ते सैल होऊ नयेत. पण सलग ४८ तास मोकळे ठेवायचे, तर सुट्टीच्या मधोमध जादा फेरी घेता येत नाही. म्हणजे चाळीस तास ओलांडायची वाट उरते ती ड्युटीच्या दिवसांतच, आणि ते दिवस स्टँडबायने भरलेले असतील तर वाटच बंद. अशा वेळी विश्रांतीचा नियम वैमानिकाला पगारकपातीसारखा वाटू लागतो. सुरक्षेसाठी याहून वाईट काही नाही, कारण मग थकवा कळवायला कोणी पुढे येत नाही.

घरी बसून करायच्या स्टँडबायला 'घरचा' म्हणणं हेही अनेकांच्या बाबतीत नावापुरतंच. तंजावरच्या एखाद्या मराठी घरातली मुलगी मुंबई बेसवर को-पायलट असेल आणि आईवडील त्याच जिल्ह्यातल्या ओरत्तनाडूला असतील, तर तिला स्टँडबायचा दिवस तिथे काढता येणार नाही. ओरत्तनाडूहून तिरुचिरापल्लीचा विमानतळ गाठायलाच बराच वेळ जातो. सावंतवाडीच्या किंवा नांदेडच्या मुलाचंही तेच. अंधेरीत खोली भाड्याने घ्यायची आणि फोनची वाट बघायची. हा खर्च हमीच्या हिशेबात कुठेच येत नाही.

म्हणून पुढच्या वाटाघाटींत संघटनांनी हमीचा आकडा वाढवून मागावाच, पण तेवढ्यावर थांबू नये. स्टँडबायच्या प्रत्येक दिवसाला ठरावीक तासांचं श्रेय मिळावं आणि ते चाळीस तासांच्या उंबरठ्यात मोजलं जावं. सुट्टीतली फेरी नियमात बसत असेल तेव्हा तिचे पैसे हमीच्या बाहेर, पहिल्या मिनिटापासून द्यावेत. विश्रांतीच्या नियमामुळे स्टँडबाय रद्द झाला तर त्याचं श्रेय कापू नये. न उडलेल्या तासांचे पैसे का द्यायचे, असं कंपन्या विचारतील. राखीव वैमानिक बसवून ठेवला नाही तर काय होतं, हे डिसेंबरच्या त्या आठवड्यात विमानतळांवर अडकलेल्या प्रवाशांनी पाहिलं आहे. नव्याने रुजू होणाऱ्या फर्स्ट ऑफिसरनी करारावर सही करण्याआधी स्टँडबायचं कलम आणि जादा फेरीचं कलम शेजारी ठेवून वाचावं, आणि दोन्हींत ताळमेळ दिसला नाही तर सही करण्यापूर्वी लेखी उत्तर मागावं.