एबुलियन्स आणि उत्साह

इंग्रजी निबंधांच्या वह्या तपासावयास घेतल्या म्हणजे अलीकडे एक शब्द वरचेवर भेटतो. तो शब्द म्हणजे ‘एबुलियन्स’. स्नेहसंमेलन एबुलियन्सने पार पडले, ताई एबुलियन्सने परीक्षेचा अभ्यास करीत आहे, आजोबा सत्तराव्या वर्षीही एबुलियन्सने शेती पाहतात, अशी वाक्ये मुले हौसेने लिहितात. शब्द भारदस्त आहे, आणि कोशात त्यापुढे ‘उत्साह’ असा अर्थ छापलेला असतो. तेव्हा मुलांस दोष देता येत नाही. तथापि हा अर्थ अपुरा आहे असे आम्हांस वाटते. त्याने इंग्रजी निबंध बिघडतो ही गोष्ट लहान. उत्साह म्हणजे काय याविषयीची आपली समजूतही त्याबरोबर बिघडते, ही गोष्ट मोठी.

शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘बुल्ला’ म्हणजे बुडबुडा, आणि त्यापासून झालेल्या क्रियापदाचा अर्थ उकळून वर येणे असा आहे. अर्थात एबुलियन्स म्हणजे मनाची उकळी. सामना जिंकून मैदानातून धावत येणारी मुले, सुटीत आजोळी पोहोचलेली नात, मित्र भेटताच ज्याचे बोलणे थांबत नाही असा गृहस्थ, यांच्या ठिकाणी हा शब्द शोभतो. त्याचाच भाऊ ‘एबुलिशन’. तो तर रागाच्या उद्रेकासही लावतात. मन भरून आले, त्यात न मावता बाहेर पडले, एवढेच या शब्दात आहे. आपणही आनंदाच्या उकळ्या फुटल्या असे म्हणतोच. दूरदेशीच्या दोन भाषांस एकच चुलीवरचे भांडे आठवावे, ही मौज ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता ‘उत्साह’ शब्दाकडे पाहू. हा ‘उद्’ आणि ‘सह्’ यांपासून झाला आहे. सह् म्हणजे सोसणे, पेलणे, समर्थ होणे. भार अंगावर घेऊन वर उठण्याची जी शक्ती, तो उत्साह. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात वीररसाचा आधार म्हणून उत्साहच सांगितला आणि त्याची गणना स्थायी भावांत केली. हर्ष मात्र त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या भावांत, म्हणजे व्यभिचारी अथवा संचारी भावांत घातला. हा भेद शास्त्रीबोवांच्या वादापुरता नाही. एबुलियन्सला मराठीत जवळचा शब्द हर्षाचा उमाळा हा होय. आजोबांच्या शेतीत उमाळा नसतो. पाऊस चुकला, भाव पडला, तरी पुन्हा नांगर धरण्याचे बळ असते. ते बळ उत्साहाचे.

हे ज्यांस पुस्तकी वाटेल त्यांनी एखादे गुऱ्हाळ पाहावे. भीमा नदी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून वाहते, आणि दौंडकडे उसाच्या पट्ट्यात गुऱ्हाळे पुष्कळ आहेत. रस काहिलीत पडतो. चुलवाणात चिपाडे घालून जाळ लावतात. रस तापू लागला म्हणजे रानभेंडीचा चिकट रस घालून वर आलेली मळी काढून टाकतात. मग उकळी येते. फेस असा चढतो की सारी काहील आता उतू जाणार असे नवख्यास वाटावे. आमच्याबरोबर आलेली मुले त्या वेळी टाळ्या पिटू लागली! गुळव्या मात्र शांत होता. त्याने थोडेसे तेल टाकले, फेस बसला, आणि तो पुन्हा रस हलवू लागला. मुलांचे लक्ष लवकरच उडाले, कारण त्यानंतर पाहण्याजोगे काही घडत नव्हते. रस आटत होता, एवढेच. पण गूळ होतो तो याच वेळात. अखेरीस गुळव्या पाण्यात थेंब टाकून पाहतो; गोळी नीट बांधली गेली की काहील उतरवितात. शंभर किलो उसातून साधारण दहा-बारा किलो गूळ हाती येतो. उकळीवाचून तो झाला नसता. परंतु नुसत्या उकळीचा गूळ आजवर कोणी खाल्लेला नाही.

माणसांतले उदाहरण पाहावयाचे तर तेही याच तालुक्यात आहे. केडगाव म्हटले की पंडिता रमाबाईंचे नाव आठवते. त्यांचा जन्म १८५८ सालचा. आईबाप दुष्काळाच्या दिवसांत गेले. रमाबाई भावाबरोबर पायी देश हिंडल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वय अवघे वीस वर्षांचे, आणि चोहोंकडे जयजयकार. उकळी म्हणावयाची तर ती हीच. ती तेथेच थांबली असती तर आज त्यांची आठवण एखाद्या ओळीपुरती उरती. पण पुढे भाऊ गेला, विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच पती गेले, लहान मुलगी पदरात राहिली. त्यांनी १८८९ साली मुंबईस शारदासदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन उपाशी मुली व विधवा आणल्या आणि केडगावच्या माळावर त्यांस आसरा, शिक्षण व हातास काम दिले.

यानंतर त्यांनी जे काम हाती घेतले त्यात टाळ्या वाजविण्यासारखे काहीच नव्हते. साध्या बायकांस समजेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र आणावयाचे, आणि तेही मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून. त्याकरिता उतारवयात त्या या भाषा शिकल्या. वर्षामागून वर्षे शब्दाशी शब्द ताडून पाहण्यात गेली. कान अधू झाले होते. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. १९२२ च्या एप्रिलात रमाबाईंनी देह ठेवला, आणि तो ग्रंथ १९२४ साली पूर्ण प्रसिद्ध झाला. या आयुष्यास एबुलियन्स म्हणणे म्हणजे गुळाच्या ढेपेस फेस म्हणण्यासारखे आहे.

मग उकळी वाईट काय? मुळीच नाही, आणि हे सांगणे आम्हांस विशेषेकरून पालकांसाठी अगत्याचे वाटते. मुलगा चित्रे काढावयाची म्हणून रंग मागतो, मुलगी धावण्याच्या शर्यतीसाठी पहाटे उठू लागते. आपण लागलीच म्हणतो, ‘नव्याचे नऊ दिवस!’ हे वाक्य खरे ठरते. पण पुष्कळदा ते आपणच खरे करतो. चुलीत पाणी ओतावयाचे आणि मग रस कच्चा राहिला म्हणून रसास बोल लावावयाचा, हा न्याय नव्हे. गुळव्या उकळीस भीत नाही आणि तिच्यावर भाळतही नाही. तो मळी काढतो, जाळ पाहतो आणि जवळ बसून राहतो. दहाव्या दिवशी ‘आज धावावयास गेली नाहीस का?’ एवढे पुसणारे माणूस घरात असले म्हणजे पुष्कळ झाले.

विद्यार्थ्यांस आमचे सांगणे थोडे आहे. आपल्याच एका वर्गाने मागे हस्तलिखित मासिक सुरू केले. पहिल्या अंकास मुखपृष्ठ करणारे सात जण होते. तिसरा अंक निघालाच नाही, कारण लेखांच्या शुद्ध प्रती काढावयास कोणी उरले नाही. त्यात लबाडी नव्हती. हर्ष ओसरला, आणि तो ओसरणारच होता. त्या दिवशी ‘माझा उत्साह संपला’ असे मुलांनी म्हटले. वास्तविक उत्साहाची वेळ त्याच दिवशी आली होती. व्रतकथांत व्रत घेणारीस जी ताकीद असते ती आजीस विचारून पाहा. उतावयाचे नाही आणि घेतलेला वसा टाकावयाचा नाही, असे दोन्ही तीत एका दमात सांगितलेले आढळेल.

तेव्हा निबंधात एबुलियन्स हा शब्द जरूर लिहावा. स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळचे वर्णन असेल तेथे तो खुशाल चालेल. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या चार मुलांनी मंडपातील बाके उचलून वर्गांत परत लावली, त्यांच्याविषयी लिहिताना तो खोडावा व दुसरा शब्द शोधावा.